थायरॉइडची गोळी चालू आहे? मग खाण्यापिण्याचं हे गणित आधी नीट लावा

मेडिकलच्या काउंटरवर थायरॉइडची बाटली घ्यायला येणाऱ्या दर दुसऱ्या माणसाचा प्रश्न ठरलेला असतो, पत्ताकोबी चालते का, सोयाबीन बंद करू का, बाजरी सोडली तर गोळी सुटेल का. आणि आपण उलटं विचारलं की गोळी घेता कशी, तर उत्तर येतं, 'सकाळी चहासोबत'. म्हणजे आठवड्यातून एकदा होणाऱ्या कोबीच्या भाजीची धास्ती आणि रोज सकाळी गोळीवर ओतल्या जाणाऱ्या दुधाच्या चहाकडे कोणाचं लक्षच नाही. टीएसएच वर जातो (हा रक्ततपासणीतला आकडा, थायरॉइडचं हार्मोन कमी पडलं की वाढतो), डॉक्टर डोस वाढवतात, सहा महिन्यांनी परत तेच.

हा लेख थायरॉइड कमी काम करतंय म्हणून लेव्होथायरॉक्सिन घेणाऱ्यांसाठी आहे, म्हणजे २५, ५०, ७५, १०० एमसीजी (मायक्रोग्रॅम) वगैरे लिहिलेल्या त्या छोट्या गोळ्या. थायरॉइड जास्त काम करतंय म्हणून कार्बिमाझोल घेत असाल तर तुमचे नियम वेगळे आहेत, इथलं तिकडे लावू नका. बाटलीवरचं नाव वाचा आणि मगच पुढे जा.

## १. तयारी: दुपारपर्यंत तोंडात काय काय जातं ते लिहून काढा

कागद घ्या आणि उठल्यापासून दुपारच्या जेवणापर्यंत पोटात जे जातं ते सगळं लिहा. सगळं म्हणजे सगळं. जिरं-मेथीचं पाणी, लिंबू-मध, भिजवलेले बदाम-अक्रोड, चहा, बिस्किट, ॲसिडिटीची कॅप्सूल, केसांची गोळी, तंबाखूला लावलेला चुना. बहुतेकांना वाटतं आपण 'उपाशीपोटी' गोळी घेतो, पण कागदावर उतरवलं की कळतं त्या उपाशीपोटीत चार गोष्टी आधीच गेलेल्या असतात.

मग घरातली सगळी औषधं, टॉनिकं, पावडरी एका ताटात काढा. कॅल्शियम, लोह, मल्टिव्हिटॅमिन, गॅसचं पातळ औषध, इसबगोल, प्रोटीन पावडर, कोणीतरी दिलेलं चूर्ण. पुढच्या टप्प्यांत हे ताट परत लागणार आहे.

तयारीतलं दुसरं काम म्हणजे बाटलीची जागा. ही गोळी उष्णता, ओल आणि उजेड तिन्हीला नाजूक. बाटलीवर तापमान लिहिलेलं असतं, साधारण २५ किंवा ३० अंशांच्या आत ठेवा असं. आता आपल्याकडे जळगाव-भुसावळला आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास पारा ४५ च्या वर जातो, पत्र्याच्या घरात आत काय होत असेल ते वेगळं सांगायला नको, आणि लोक बाटली ठेवतात कुठे तर गॅसच्या वरच्या फळीवर, का तर सकाळी चहा ठेवताना आठवण राहते. ती जागा आधी बदला. माठाजवळची ओली जागा नको, खिडकी नको, मोटरसायकलची डिकी तर अजिबातच नको. घरातल्या सर्वात गार, कोरड्या खोलीतलं बंद कपाट बरं. फ्रिजमध्ये ठेवायची की नाही हे बाटलीवर जे लिहिलंय त्यावरून ठरवा, स्वतःच्या मनाने नको, कारण सारखी आत-बाहेर केली की बाटलीत ओल धरते.

चूक: महिन्याच्या गोळ्या स्टीलच्या डबीत किंवा कागदाच्या पुडीत काढून ठेवणं. गोळी तिच्या मूळ बाटलीतच राहू द्या आणि झाकण घट्ट लावा.

तपासून बघा: बाटलीवर एमसीजीचा आकडा काय आहे आणि चिठ्ठीवर काय आहे? २५ आणि १२५ मध्ये एका आकड्याचाच फरक दिसतो पण डोस पाचपट होतो.

## २. दिवसातली एक वेळ पक्की करा

ही गोळी आतड्यात शोषली जाते, आणि रिकाम्या पोटी घेतली तरी साधारण ६० ते ८० टक्केच रक्तात पोचते. पोटात काही असलं की त्यातूनही कमी. म्हणून वेळ दोनच चालतात.

पहिली, सकाळी उठल्याउठल्या, आणि त्यानंतर किमान अर्धा तास, जमलं तर पूर्ण एक तास काहीही नाही. दुसरी, रात्री झोपताना, पण शेवटचं खाल्ल्यापासून ३ तास झालेले असले पाहिजेत.

रात्रीची वेळ लोकांना माहीतच नसते. ज्यांना पहाटे पाच वाजता केळीच्या बागेत किंवा कापूस वेचायला निघायचंय, ज्यांना नळाचं पाणी सुटलं की बाकी काही सुचत नाही, ज्यांचं डोकं चहाबिगर चालतच नाही, त्यांनी सकाळशी भांडत बसण्यापेक्षा डॉक्टरांशी बोलून रात्रीची वेळ घ्यावी. सात-साडेसातला जेवण, साडेदहाला गोळी. मात्र रात्री हळदीचं दूध घ्यायची सवय असेल तर मग ही वेळ तुमची नाही, आणि रात्री इसबगोल घेत असाल तरी नाही.

कुठलीही निवडा, पण आज सकाळी उद्या रात्री असं करू नका. डॉक्टर डोस ठरवतात तो तुमच्या सवयीवर बेतलेला असतो, सवय हलली की डोस चुकीचा ठरतो.

## ३. गोळीनंतरचा पहिला तास

इथेच सगळं बिघडतं म्हणून इथे जरा थांबून सांगतो.

(१) साधं पाणी, एक ग्लास. पूर्ण गोळी त्यासोबत गिळा. जिऱ्याचं पाणी नको, मेथीचं नको, लिंबू-मध नको, ॲपल सायडर व्हिनेगर नको. ते वाईट आहे असं नाही, तासाभराने प्या की.

(२) चहा-कॉफी तासाभराने. कॉफीमुळे ही गोळी कमी शोषली जाते हे नीट माहीत झालेलं आहे आणि आपला चहा म्हणजे अर्धं दूधच, दुधातलं कॅल्शियम गोळीला धरून ठेवतं. 'कोरा चहा घेतला तर?' असं विचारतात. तोही तासाभराने. 'फक्त दोन घोट?' तेही.

(३) भिजवलेले बदाम-अक्रोड सकाळी पहिल्यांदा खायची टूम निघालीय, त्यातला अक्रोड तर या औषधाच्या माहितीपत्रकात नाव घेऊन दिलेला असतो. नाश्त्यासोबत खा. त्याच पत्रकात सरकीच्या पेंडीचंही नाव असतं, ते वाचून एका वहिनींनी घाबरून सरकीचं तेल बंद केलं होतं. पेंड आपल्याकडे म्हशी खातात, तेलाचा त्याच्याशी संबंध नाही.

(४) चुना. तंबाखूला लावायचा असो की मोबाइलवर फिरणाऱ्या मेसेजमधला 'गव्हाच्या दाण्याएवढा चुना पाण्यात' असो, चुना म्हणजे कॅल्शियमच. गोळी घेऊन लगेच चिमूट तोंडात टाकणारे जिभाऊ बरेच आहेत. तंबाखू सोडा हे तर सांगतोच, पण निदान सकाळची ती चिमूट तरी नको.

(५) ॲसिडिटीची कॅप्सूल. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल ही पण 'उपाशीपोटी' म्हणून लिहून दिलेली असते, मग लोक दोन्ही एकाच घोटात गिळतात. ही कॅप्सूल पोटातलं ॲसिड दिवसभर कमी ठेवते आणि थायरॉइडची गोळी विरघळायला ते ॲसिड लागतं, त्यामुळे नुसतं अर्ध्या तासाचं अंतर ठेवून हा प्रश्न पूर्ण सुटत नाही. शेवभाजी आणि ठेच्यावर वर्षानुवर्षं कॅप्सूल चालू असेल तर थायरॉइडच्या डॉक्टरांना ते सांगा, टीएसएच बघून डोस ठरवावा लागतो. आणि कॅप्सूल मनाने बंदही करू नका.

तपासून बघा: गोळीची वेळ आणि चहाची वेळ आठवडाभर कॅलेंडरवर लिहा. मधला वेळ रोज एक तास भरतो का?

एखाद्या दिवशी चुकून चहासोबत घेतली गेली तर घाबरायचं कारण नाही. ही गोळी शरीरातून निम्मी व्हायलाच साधारण ७ दिवस लागतात, एका सकाळीने काही कोसळत नाही. रोजची चूक मात्र साचत जाते.

## ४. चार तासांचं अंतर कशाला लागतं

आता ते ताट परत समोर घ्या. पुढच्या गोष्टींना एक तास पुरत नाही, ४ तास लागतात: कॅल्शियमच्या गोळ्या, लोहाच्या गोळ्या, लोह-कॅल्शियम-झिंक असलेलं कुठलंही मल्टिव्हिटॅमिन, गॅसचं पातळ औषध (ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमवालं), अल्सरवरचं सुक्राल्फेट, कोलेस्टेरॉलची कोलेस्टायरामिन पावडर. इसबगोललाही हेच अंतर ठेवा.

गरोदर बाईचं गणित सगळ्यात अवघड होतं. सरकारी दवाखान्यातून रोजची लोह-फॉलिक ॲसिडची गोळी मिळते आणि कॅल्शियमची दिवसातून दोनदा, वरून थायरॉइडची. शिवाय लोह आणि कॅल्शियमही एकत्र घ्यायचं नसतं. तिन्ही गोळ्या सकाळी एकदम तळहातावर घेऊन गिळणाऱ्या पोरी बघितल्यात, घरच्यांना वाटतं किती नेमाने घेते. वेळापत्रक साधारण असं बसतं:

- पहाटे ६ ला थायरॉइडची गोळी, साधं पाणी
- ७ नंतर चहा-नाश्ता
- ११ ते १२ दरम्यान जेवणासोबत पहिलं कॅल्शियम
- ४ च्या सुमारास लोहाची गोळी, दूध-चहाशिवाय, सोबत लिंबूपाणी चालेल
- रात्रीच्या जेवणासोबत दुसरं कॅल्शियम

आशाताईंना किंवा सिस्टरना हे दाखवून घ्या, त्यांनी काही वेगळं सांगितलं तर ते ऐका.

इशारा: पाळी चुकली आणि दिवस गेल्याचं कळलं की पुढच्या तपासणीची वाट बघू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. गरोदरपणात थायरॉइडची गरज वाढते आणि पहिल्या अर्ध्या काळात साधारण दर ४ आठवड्यांनी टीएसएच बघतात. 'औषध बाळाला बाधेल' म्हणून गोळी बंद करणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे.

## ५. पाकिटामागची बारीक अक्षरं वाचा

सोयाबीनचं सांगतो. सोया वडी, सोया पीठ, सोया दूध, यांच्यामुळे गोळी कमी शोषली जाऊ शकते. सोयाबीनचं तेल यात येत नाही, ते बिनधास्त वापरा. संध्याकाळी सोया वडीची भाजी आणि सकाळी सहाला गोळी असेल तर काहीच अडचण नाही. अडचण होते ती लपलेल्या सोयाची. मल्टिग्रेन आट्याचं पाकीट उलटं करून बघा, गव्हानंतर दुसऱ्या-तिसऱ्या नंबरला सोया पीठ सापडतं. 'हाय प्रोटीन' बिस्किटं, वजन कमी करायचे शेक, जिमवाली पावडर, सगळीकडे तेच, आणि शेकमध्ये वरून कॅल्शियम-लोहही टाकलेलं असतं. असा शेक हाच ज्यांचा सकाळचा नाश्ता आहे त्यांनी तो दुपारवर ढकलावा.

सोया नव्याने सुरू केलं किंवा एकदम बंद केलं तर डॉक्टरांना सांगा, म्हणजे ते टीएसएच परत बघतील. बंद करणंही सांगायचं बरं का, कारण मग तोच डोस जास्त व्हायला लागतो. कोंडा, ओट्स, फायबर पावडर यांचंही तसंच, जे खायचं ते रोज साधारण सारखं खा.

रेशनच्या तांदळात लोह मिसळलेलं असतं असं ऐकून काहींनी तो खाणं सोडलंय. काही गरज नाही. भात तुम्ही दुपारी-रात्री खाता, गोळी सकाळी घेता.

अश्वगंधा मात्र गप्पपणे घेऊ नका. काही जणांत त्याने थायरॉइडचं हार्मोन वाढतं, वर गोळी चालूच, मग छातीत धडधड आणि हात थरथरायला लागतात. 'थायरॉइड मुळासकट' म्हणून बिननावाच्या डबीत विकली जाणारी पावडर असेल तर आत काय आहे हे लिहिलेलंच नसतं. घटक लिहिलेले नसलेली वस्तू घ्यायची नाही, एवढा एकच नियम ठेवा.

## ६. मीठ

साधं आयोडीनयुक्त मीठ खा. पाकिटावर हसऱ्या सूर्याचं चिन्ह बघा. ग्राहकापर्यंत पोचताना मिठात किमान १५ पीपीएम (दहा लाख भागांत १५ भाग) आयोडीन असलं पाहिजे असा नियम आहे. सैंधव आणि गुलाबी मीठ 'नैसर्गिक' म्हणून बारा महिने वापरायला लागलेत लोक, त्यात बहुतेक वेळा आयोडीन नसल्यासारखंच असतं. लोणच्यापुरतं खडे मीठ, उपासापुरतं सैंधव ठीक, रोजच्या भाजी-भाकरीला नको. डबा झाकणाचा, शेगडीपासून लांब.

उलटी चूकही होते. 'थायरॉइड म्हणजे आयोडीन कमी' असं ऐकून समुद्री शेवाळाच्या, केल्पच्या कॅप्सूल ऑनलाइन मागवतात. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं, या कॅप्सूलमधून त्याच्या कितीतरी पट जाऊ शकतं आणि जास्त आयोडीननेही थायरॉइड बिघडतं. घेऊ नका.

## ७. कोबी, मुळा, बाजरी, साबुदाणा: खरी भीती किती

पत्ताकोबी, फुलकोबी, मुळा, मोहरीची पानं यांच्यात थायरॉइडच्या कामात आडवे येणारे घटक आहेत हे खरं. बाजरीतही आहेत. पण शिजवल्यावर कोबीतले हे घटक बरेच कमी होतात, आणि मिठातून आयोडीन नीट जात असेल तर आठवड्यातून दोन-तीनदा केलेल्या भाजीने काही होत नाही. शिवाय हे घटक अडवतात ते ग्रंथीचं काम, तुमच्या गोळीतलं हार्मोन तर तयारच येतं. ऑपरेशन करून ग्रंथीच पूर्ण काढलेली असेल तर कोबी अडवणार कोणाला?

जपायचं ते रोज कच्चं आणि भरपूर खाण्याला. कच्च्या कोबीचा ज्यूस, वाडगाभर कोशिंबीर रोज, हे टाळा. हिवाळ्यात बाजरीची भाकरी खा, पण तिन्ही त्रिकाळ बाजरीच नको, ज्वारी आहे, कळण्याची भाकरी आहे, आलटून पालटून करा. भरताच्या वांग्याने, केळीने, शेंगदाण्याच्या चटणीने गोळी बिघडते असं जे फिरतं त्याच्यामागे लागू नका. साबुदाण्याच्या मूळ कंदात असा घटक असतो खरा, पण साबुदाणा बनवताना तो बहुतांश निघून जातो, एकादशीच्या खिचडीने काही होत नाही.

पदार्थ सोडून गोळी सुटत नाही. हे काउंटरवर सांगितलेलं कोणाला आवडत नाही, पण आहे ते आहे.

## ८. उपास, कानबाई, रोजे

उपास म्हणून गोळी चुकवणारे खूप. नवरात्रीचे नऊ दिवस गोळी बंद ठेवून दहाव्या दिवशी परत सुरू करायची आणि नंतर म्हणायचं अंगात ताकदच नाही. गोळी आणि घोटभर पाणी उपासाला चालतं असं बहुतेक घरांत मानतात, आपल्या घरच्या मोठ्यांशी आधीच बोलून ठेवा. निर्जळी असेल तर त्या दिवशीची गोळी कधी घ्यायची ते डॉक्टरांना विचारा.

कानबाईच्या, म्हणजे आपल्या खान्देशातल्या देवीच्या सणाच्या वेळी रात्रभर जागरण, पहाटे विसर्जनाची गडबड, त्यात सकाळची गोळी हमखास राहते. बाटली देव्हाऱ्याजवळ कोरड्या जागी आणून ठेवा नाहीतर मोबाइलला गजर लावा. राहिलीच तर त्याच दिवशी पोट रिकामं असेल तेव्हा घ्या. दुसऱ्या दिवशी आठवली तर नेहमीची एकच घ्या, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय दोन नकोत.

रोजे असतील तर झोपताना, इफ्तार-जेवणाला ३ तास होऊन गेल्यावर, किंवा मग सहरीच्या आधी अर्धा-एक तास उठून. सहरीच्या शेवटच्या घासासोबत घेणं ही नेहमीची चूक.

## ९. बदल केलात, आता रक्त कधी तपासायचं

वरचं सगळं सुधारलं की लगेच आठ दिवसांत टीएसएच करायला धावू नका. नवी पातळी स्थिर व्हायला ६ ते ८ आठवडे लागतात, त्याआधीचा आकडा अर्धवट असतो.

तपासणीच्या दिवशी रक्त देऊन झाल्यावर गोळी घ्या, कारण गोळीनंतर काही तास रक्तातला टी-फोर (थायरॉइडचं हार्मोन) वर दिसतो.

आणि केसांची गोळी! थायरॉइडमुळे केस गळतात म्हणून बायोटिन घेतात, ५ किंवा १० मिलिग्रॅमचं. बायोटिनने थायरॉइड बिघडत नाही, पण कित्येक लॅबमधल्या मशीनची चाचणी चुकते, टीएसएच खोटा कमी आणि टी-फोर खोटा जास्त दिसतो. डॉक्टर तो रिपोर्ट बघून डोस कमी करतात आणि माणूस मग आणखी थकतो. रक्त देण्याआधी किमान २ दिवस बायोटिन बंद ठेवा आणि लॅबवाल्यालाही सांगा.

कंपनी बदलली असेल, म्हणजे दुकानात नेहमीची नव्हती म्हणून दुसरी दिली, तर तारीख लिहून ठेवा आणि ६ आठवड्यांनी टीएसएच करा. शक्यतो एकाच कंपनीची बाटली धरून राहा.

इशारा: तुम्ही आजवर चहासोबत गोळी घेत होता आणि आता तासाचं अंतर पाळायला लागलात, तर तोच डोस आता जास्त शोषला जाईल. छातीत धडधड, हात थरथरणं, झोप उडणं, वजन भराभर उतरणं असं काही दिसलं तर ६ आठवडे थांबू नका, लगेच दाखवा. वयस्कर माणूस आणि हृदयाचा त्रास असणारे यांनी तर हा बदल डॉक्टरांना आधी सांगूनच करावा. छातीत दुखलं तर सरळ दवाखाना.

वेळ, अंतर, बाटलीची जागा सगळं बरोबर असूनही टीएसएच खाली येत नसेल तर सुरुवातीचा तो कागद आणि वेळा लिहिलेलं कॅलेंडर घेऊन डॉक्टरांकडे जा, आतड्यात शोषणाचाच काही त्रास आहे का, गव्हाची ॲलर्जी म्हणतात तो सिलिॲक आजार किंवा जठराला जुनी सूज आहे का, हे ते मग शोधतील. हे लिहिलेलं नसलं तर तुम्ही सांगाल 'उपाशीपोटीच घेतो' आणि ते परत डोस वाढवून देतील.